माता चालत गेली

मूर्ती शेरॉनने उचलायची की क्लेअरने, यावरून शनिवारचं बोंबलाचं कालवण ताटातच थंड पडलं होतं.

व्हिन्सेंट मात्र जेवत होता. घरात भांडण पेटलं की त्याला भूक जास्त लागायची. भात कालवता कालवता तो टीव्हीकडे बघत होता. टीव्हीवर आज लेसचा पांढरा कपडा टाकला होता आणि त्याच्यापुढे टेबलावर रोझरीची माता उभी होती. हातभर उंचीची, निळा झगा, डोक्यावर पत्र्याचा मुकुट. सबंध ऑक्टोबर ती उत्तनच्या त्यांच्या पाखाडीत घरोघर फिरायची. एका घरात एक रात्र. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्या घरच्या मुलीने तिला हातात घ्यायचं, मागून पाखाडीने गाणी म्हणत चालायचं, आणि पुढच्या घरच्या माणसाने रस्त्यावर येऊन तिला घ्यायचं.

काल ती व्हिन्सेंटकडे आली. आज जायची होती मेल्रॉयकडे.

"क्लेअर नेईल," त्याची बायको ऑड्रे म्हणाली. "सून म्हंजे पण मुलगीच."

"हे कधीपासून?" व्हिन्सेंटने काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "परवापर्यंत तर ती तुझ्या पोराला नादाला लावून आलेली हुती."

क्लेअरने पदर नसताना पदराशी खेळल्यासारखं केलं. तिच्या शेजारी तिचा नवरा शेन मोबाइलमध्ये डोकं घालून बसला होता. आई-बापाच्या भांडणात तो नेहमी नेटवर्क नसलेल्या जागी असायचा.

"शेरॉन जाणार न्हाय म्हंजे न्हाय," ऑड्रे म्हणाली. "नवस हाय तिचा. मातेच्या पायावर हात ठेवून बोललेला. मोडला तर कोणाच्या अंगावर येईल?"

"आला की अंगावर. मेल्रॉयच्या आईच्या, फिलूच्या आला."

शेरॉन समोरच बसली होती. तिने भातात केलेली खळगी बोटाने बुजवली, परत केली.

नवस. व्हिन्सेंटला हा शब्द आता घशात अडकलेल्या काट्यासारखा वाटायचा. पोरगी चौतीस वर्षांची. मीरा रोडला दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. मेल्रॉय बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. पाण्यात उभी असलेली बोट नुसती ऐकून तो सांगायचा, कुठला नट सैल आहे. पण पोरीला मनातलं सांगायचं तर त्याचं इंजिन सुरूच होत नव्हतं. दोन वर्षं दोघं भेटत होते, कॉफी पीत होते, समुद्राकडे बघत होते. तेव्हा क्लेअरने शेरॉनला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घातलं. ग्रुपचं नाव 'मुकुट'. चालवणारी अंधेरीची नीलिमा मॅडम. रोज सकाळी तिचा आवाज यायचा: क्वीन, तुम्ही बक्षीस आहात. बक्षीस कधी स्वतः चालत जातं का? पहिला मेसेज त्याचा, पहिला फोन त्याचा, पहिलं पाऊल त्याचं. तुम्ही गप्प राहा. तो येईल.

शेरॉनला गप्प राहणं जमेना. दुसऱ्याच दिवशी तिची बोटं फोनवर नाचायला लागली. मग सप्टेंबरच्या सणाला, माउंटच्या चर्चभर मेणबत्त्या पेटलेल्या असताना, तिने मातेच्या पायावर हात ठेवला आणि नवस बोलली: मेल्रॉय स्वतःहून माझ्याकडे येईपर्यंत मी त्याला मेसेज करणार नाही, त्याच्याकडे जाणार नाही. मॅडमचा नियम मोडला असता तर ग्रुपवर चार बायका ओरडल्या असत्या. मातेचा नवस मोडायची हिंमत तिला झाली नसती, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून तिने मॅडमच्या नियमाला मातेचं कुलूप लावलं.

दुसऱ्या आठवड्यात मेल्रॉयची आई, फिलोमिना, हॉस्पिटलात गेली. आणि तिथून घरी आली ती पेटीत.

पेटीला खांदा द्यायला व्हिन्सेंट होता. सगळी पाखाडी होती. शेरॉन नव्हती. ऑड्रेने दारोदार सांगितलं, पोरीला ताप आलाय. कोणी विचारायच्या आधीच सांगत सुटली, म्हणून कोणाला पटलं नाही.

"फादरकडे जाऊन ये म्हटलं हुतं," व्हिन्सेंट म्हणाला. "फादर एका मिनटात सोडवतात नवस."

"आणि फादरला सांगू काय?" ऑड्रेने पाण्याचा तांब्या आपटला. "मोबाइलमधल्या बाईनं शिकवलं, अन् पोरीनं मातेला साक्षीला उभी केली? त्या नीलिमाच्या गळ्यात स्फटिकांची माळ हाय, कपाळावर टिकली हाय. फादर विचारतील, ऑड्रे, तू कुठं हुतीस?"

"कुठं हुतीस?"

"तिच्या बाजूला. मेणबत्ती धरून."

व्हिन्सेंटने हात चाटला. त्याच्या मनात एक गोष्ट होती, ती तो कोणाला सांगणार नव्हता. मूर्तीच्या पाळ्या लावणाऱ्या बाईला त्याने मागच्या रविवारी दोन पापलेटं नेऊन दिली होती. मूळच्या पाळीत त्यांच्यानंतर मेल्रॉयचं घर नव्हतंच. वरची गल्ली होती. व्हिन्सेंटने आयुष्यभर लोकांच्या चपला लपवल्या, लग्नात नवऱ्याच्या बुटात बर्फ टाकला. ही त्याची सगळ्यात मोठी खोडी होती, आणि अजून तरी फत्ते वाटत होती.

"एक सांग मला," तो म्हणाला. "आज शनवार. रोझरीत आनंदाची रहस्यं. दुसरं रहस्य काय?"

ऑड्रेने तांब्यातून पाणी ओतून घेतलं.

"काय गो, रोज म्हणतेस ना?"

"मारिया एलिझाबेथला भेटायला जाते," शेनने मोबाइलमधून डोकं न काढता उत्तर दिलं. धर्मशिक्षणात त्याला बक्षीस मिळालेलं होतं.

"जाते," व्हिन्सेंट म्हणाला. "डोंगर चढून जाते. पोटात देव असताना. एलिझाबेथचा पहिला मेसेज आलेला काय?"

क्लेअरला हसू आलं, आणि हसताना तिच्या लक्षात आलं की सासू आपल्याकडे बघतेय.

*

सासूच्या बाजूला उभं राहायची संधी क्लेअरला लग्नानंतर सहा वर्षांत पहिल्यांदाच मिळाली होती. ती सहज सोडणार नव्हती. नीलिमा मॅडमचं नाव या घरात तिनेच आणलं होतं. आधी ऑड्रेने नाक मुरडलं, मग एकदा मॅडमचं बोलणं ऐकलं. "बाई, स्वतःला पवित्र जागा समज. पवित्र जागेत कोणीही चपला घालून येत नाही." ऑड्रेला हे एकदम फादरच्या प्रवचनासारखं वाटलं. त्या दिवसापासून सासू-सून संध्याकाळी मागच्या ओट्यावर बसून मॅडमला ऐकायच्या. क्लेअरला चहा आयता मिळायला लागला.

"डॅडी, मारियेची गोष्ट वेगळी," क्लेअर म्हणाली. "एलिझाबेथ बाई होती. पुरुषाकडे जाणं वेगळं. पुरुष शिकारी असतो. त्याला आयतं दिलं की त्याचा इंटरेस्ट जातो. हे सायन्स आहे."

"मेल्रॉय शिकारी?" व्हिन्सेंट म्हणाला. "त्याला गळाला मासा लागला तर तो त्याची माफी मागतो."

"तेच तर. मॅडम म्हणतात, असल्या माणसाला थांबवलं की आतला पुरुष जागा होतो."

"आई मेली त्याची, बाय. आतला पुरुष रडत असेल."

क्लेअर चिडली. सासऱ्याशी वाद घालताना तिला नेहमी वाटायचं की आपण जिंकतोय, आणि शेवटी हसं आपलंच व्हायचं. "मी स्वतः केलंय म्हणून सांगते. शेनला मी किती थांबवलं. विचारा त्याला. मी पहिला मेसेज कधीच केला नाही. म्हणून तर आज—"

शेनने पहिल्यांदा डोकं वर काढलं. त्याच्या चेहऱ्यावर काहीच वाईट नव्हतं. बिचाऱ्याला खरंच वाटलं, आपल्याला काहीतरी आठवतंय.

"असं कसं? तूच केलास ना पहिला. मी लक्ष दिलं नाही, तर तू जिमच्या खाली येऊन उभी राहायचीस. केळी घेऊन."

ताटाजवळची माशी कोणी हाकलली नाही.

"केळी?" व्हिन्सेंटने विचारलं. त्याला इतका आनंद झाला की तो लपवायला त्याने पाणी प्यायलं.

"प्रोटीन असतं त्यात," शेन म्हणाला. "तिला वाटलेलं."

ऑड्रेने क्लेअरकडे बघितलं. नंतर शेरॉनकडे. परत क्लेअरकडे. क्लेअरला जाणवलं, मागच्या ओट्यावरची तिची खुर्ची आता घरात गेली, बहुतेक उलटी करून माळ्यावर.

"माझ्या पोरीला घरात कोंडलंस," ऑड्रे हळू म्हणाली, "अन् स्वतः केळी घेऊन उभी हुतीस."

"ममी, तुम्ही पण ऐकायच्या ना रोज. तुम्हीच म्हणाल्या फादरसारखं बोलते."

"मी म्हातारी हाय. तू शिकलेली."

"नवस मी नाही बोलायला सांगितला. मी फक्त ग्रुपमध्ये घातलं. नवस तुमच्याकडचा."

दोघींनी एकमेकींवर टाकलेलं ओझं शेरॉनच्या समोर पडलं होतं. तिने ताट उचललं, मोरीत नेऊन ठेवलं आणि आतल्या खोलीत गेली. जाताना तिने दार ओढलं नाही. क्लेअरला ते दार ओढण्यापेक्षा जास्त लागलं.

मग ऑड्रे उठली. मूर्तीजवळ गेली, झगा सरळ केला, मुकुट सरळ केला. तो सरळच होता. आणि मूर्तीलाच सांगितल्यासारखं म्हणाली, "तशी जाणारी ती न्हाय. जाणार तू. ती नुसती हात लावणार. हात लावला म्हंजे गेली असं कुठं हाय?"

व्हिन्सेंटने क्लेअरला डोळा मारला. क्लेअरने बघितलं नाही. केळ्यांची गोष्ट आज संध्याकाळपर्यंत सगळ्या पाखाडीला कळणार, हे तिने त्याच्या डोळ्यात आधीच वाचलं होतं.

*

शेरॉनने फोन उघडला. मेल्रॉयचे सगळे मेसेज तसेच होते. तिने एकही पुसला नव्हता, एकालाही उत्तर दिलं नव्हतं.

ममी ऍडमिट आहे. डॉक्टर काय बोलतात मला समजत नाही. येशील?

तो मेसेज आला तेव्हा तिने ग्रुपवर विचारलं होतं. मॅडमचा आवाज लगेच आला, नेहमीसारखा गोड: "डिअर, ही टेस्ट आहे. तो तुला गरज म्हणून बोलावतोय, प्रेम म्हणून नाही. अंगठी नसताना बायकोची कामं करू नकोस. स्टे इन युअर मुकुट." खाली बायकांनी हृदयं टाकली होती. शेरॉन त्या रात्री चप्पल घालून दारापर्यंत गेली होती. मग तिला मातेच्या पायाचं थंड सिमेंट हाताला आठवलं. देवाला बोललेला शब्द. ती परत येऊन झोपली. झोपली म्हणजे पडून राहिली.

ममी तुझं विचारते.

आणि मग: गेली.

त्यानंतर काहीच नाही. तो येईल असं मॅडम म्हणाली होती. तो कुठून येणार होता? तो हॉस्पिटलात होता, मग दफनभूमीत होता, मग घरात एकटा होता.

फिलू आंटी तिला आवडायची. बोंबील सुकले की पहिली जुडी शेरॉनसाठी काढून ठेवायची. एकदा अंगणात काठ्यांवर बोंबील अडकवताना म्हणाली होती, "माझ्या पोराला तोंड न्हाय दिलं देवानं. त्याची वाट बघशील तर म्हातारी होशील. तूच बोल एकदाची." शेरॉन लाजून हसली होती. हे तिने मॅडमला कधी सांगितलं नाही. त्या ग्रुपमध्ये असल्या गोष्टीला कोणी हृदय टाकलं नसतं.

दारात डॅडी उभा होता. खिशात हात घालून, मांजरीसारखा.

"निळा ड्रेस घाल. मातेला म्याचिंग."

"डॅडी, मी जाऊन त्याला काय सांगू?"

"सॉरी सांग."

"बस?"

"त्याच्यापेक्षा मोठं काय येतंय तुला?" मग तो आत आला, पलंगावर बसला. "मी तुझ्या आईकडे स्वतःहून गेलेलो असं ती सांगते ना. खोटं. तिचा बाप मला कॉलरला धरून घेऊन गेलेला. एवढ्या मोठ्या पाखाडीत कोण आपल्या पायांनी गेलंय कोणाकडे? कोणीतरी ढकलतंच. आज माता ढकलतेय. जा."

त्याने पापलेटांचं सांगितलं नाही. पण त्याचा चेहरा इतका खूश होता की शेरॉनला काहीतरी शंका आली, आणि त्या शंकेनेच तिला धीर आला. तिने निळा ड्रेस काढला.

वाक्य तिने एकच ठरवलं. "मेल्रॉय, मी यायला पाहिजे होतं." आंघोळ करताना म्हणून बघितलं. केस विंचरताना म्हणून बघितलं. सोपं होतं. दोन वर्षांत एवढं सोपं वाक्य ती त्याच्याशी बोललीच नव्हती.

*

संध्याकाळी पाखाडी जमली. बायकांच्या हातात कागदी कंदील, पोरांच्या हातात मोबाइल. कोणीतरी गाणं उचललं, बाकीच्यांनी ओढलं. शेरॉनने मूर्ती छातीशी धरली होती. दिसते त्यापेक्षा जड होती. उजवीकडे ऑड्रे, डावीकडे व्हिन्सेंट. मागे शेन, आणि शेनपासून चार माणसं सोडून क्लेअर.

वाटेत सुकत घातलेल्या बोंबलांचा वास होता. मागून एक बाई दुसरीला म्हणाली, "ताप उतरला वाटतं हिचा." दुसरी म्हणाली, "महिनाभर हुता म्हणे." दोघी लगेच गाण्यात शिरल्या. शेरॉनचा चेहरा तापला. तिने मूर्ती घट्ट धरली.

मेल्रॉयच्या फाटकावर बल्ब लावला होता. तो दाढी करून, पांढरा शर्ट घालून उभा होता. बाहीवर काळी पट्टी. मिरवणूक वळताना दिसली तसं त्याने फाटक उघडलं आणि तो रस्त्यावर आला. थांबला नाही. सरळ चालत शेरॉनच्या समोर आला.

ऑड्रेचं कोपर शेरॉनच्या बरगडीत बसलं. "आला," ती कुजबुजली. आवाजात रडू होतं. "बघ, स्वतःच्या पायांनी आला. फिटला नवस."

शेरॉनने आईकडे बघितलं. आई खरंच डोळे पुसत होती. तिच्या हिशेबात सगळं बसलं होतं. मातेचंही, मॅडमचंही.

मेल्रॉयने खाली वाकून मूर्तीच्या पायाचं चुंबन घेतलं आणि मूर्तीखाली हात घातले. त्याची बोटं शेरॉनच्या बोटांना लागली. ऑइलचा वास अजून तसाच होता.

"मेल्रॉय," ती म्हणाली, "मी यायला पाहिजे होतं."

"हो," तो म्हणाला.

बस. रागाने नाही. इंजिनात काय बिघडलंय ते सांगावं तसं. ती थांबली, त्याच्या पुढच्या शब्दासाठी. मेल्रॉयचा पुढचा शब्द यायला नेहमी वेळ लागायचा, हे तिला माहीत होतं. तो आला.

"ममीला मी सांगत होतो, येतेय ती. डॉक्टरांनी नळ्या काढल्या तेव्हापण सांगितलं. येतेय, ट्रॅफिक असेल घोडबंदरला." त्याने मूर्ती नीट धरली. "सोड आता. घेतली मी."

तिने हात सोडले.

"आत ये ना," तो म्हणाला. "सगळ्यांसाठी उघडं आहे."

आणि तो वळला. फाटकातून सगळे आत गेले. शेरॉनपण गेली, सगळ्यांमधली एक होऊन. हॉलमध्ये फिलू आंटीचा हार घातलेला फोटो होता. फोटोतली नजर नेमकी दरवाजाकडे लागली होती, किंवा शेरॉनला तसं वाटलं. ती मागे भिंतीशी गुडघ्यांवर बसली.

रोझरी सुरू झाली. दुसऱ्या रहस्याला व्हिन्सेंटने मोठ्याने घसा साफ केला, पण शेरॉनकडे बघायची हिंमत त्याला झाली नाही. फाटकातलं बोलणं त्याने ऐकलं होतं. त्याला राहून राहून पापलेटं आठवत होती. आपल्याच खोडीवर हसू न येण्याची त्याची ही पहिलीच वेळ होती. क्लेअरचा फोन पर्समध्ये थरथरला. मुकुट ग्रुप, संध्याकाळचा संदेश. तिने पर्स मांडीखाली दाबली.

शेवटी हेतू, म्हणजे कोणासाठी काय मागायचं ते, ठेवायची वेळ आली. ज्याचं घर, त्याने हेतू बोलायचे, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. मेल्रॉय उभा राहिला. एवढ्या लोकांसमोर बोलताना त्याला कोणी कधी बघितलं नव्हतं. त्याने आईच्या आत्म्यासाठी हेतू ठेवला. खलाशांसाठी ठेवला. आजाऱ्यांसाठी. मग थांबला. लोकांना वाटलं संपलं, दोनतीन जण उठायला लागले.

"अजून एक आहे," तो म्हणाला. "ममी रोज रात्री ठेवायची. आमच्या घरात सून येऊ दे म्हणून ठेवायची ती. आता ममी नाही, तर मी थोडा बदलून ठेवतो." त्याने मूर्तीकडे बघितलं, दुसरीकडे कुठेच नाही. "शेरॉनसाठी. तिला चांगलं घर मिळू दे. जिथे असेल तिथे."

उठायला लागलेले परत गुडघ्यांवर बसले. मग सवयीने सगळ्यांची तोंडं उघडली.

"हे प्रभू, आमची प्रार्थना ऐक."

सगळ्यात मोठा आवाज ऑड्रेचा होता. तिला वाटलं, मागणी झाली. तिने भरल्या डोळ्यांनी मागे वळून लेकीकडे बघितलं, कारण तिचं उत्तर ऐकू आलं नव्हतं. आजूबाजूच्या बायकांनीही बघितलं. मेल्रॉय अजून उभाच होता, हात जोडून, उत्तर पूर्ण व्हायची वाट बघत.

शेरॉनने घसा साफ केला.

"ऐक," ती म्हणाली.

तेव्हा कुठे तो खाली बसला.